माय बोलकी झाली तेव्हा

बापाच्या छातीत कापूस बसलाय, असं माय म्हणायची. बाप शिरपूरला एका जिनिंगमध्ये हमाली करायचा. रुई आणि सरकी जिथे वेगळी होते तिथली हवा बारीक तुसाने भरलेली असते. हंगामात तो घरी आला की त्याच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच बापांच्या भुवया संध्याकाळी पांढऱ्या होतात. मी सातवीत गेले तोवर त्याला पोतं उचलवेना. मग तो दारातल्या बाजेवर बसून खोकत राहिला आणि घर मायच्या अंगावर आलं.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, हायवेच्या फाट्यापासून आत. जमीन नाही. माय निंदायला जायची, कापूस वेचायला जायची. पाऊस लांबला की लोकांच्या शेतात काम नसायचं आणि आमच्या डब्यात पीठ नसायचं. भाकरीवर ठेचा, दुसऱ्या दिवशी ठेच्यासोबत भाकरी. आता जळगावच्या हॉटेलात 'खास खानदेशी ठेचा' म्हणून इवल्याशा वाटीत देतात आणि लोक फोटो काढतात. मी काढत नाही. मी खाल्लाय तो पुरेसा.

मायला एक गोष्ट मात्र अशी यायची की तिच्यासारखी पंचक्रोशीत कुणाला येत नव्हती. मांडे. ज्यांनी खापरावरचे मांडे पाहिले नाहीत त्यांना सांगते. सैल, ओलसर कणकेत पुरणाचा गोळा भरायचा आणि तो लाटायचा नाही, तर दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवायचा. तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. मांडा एवढा मोठा आणि पातळ होतो की पलीकडचं माणूस दिसावं. मग उपड्या ठेवलेल्या काळ्या मातीच्या खापरावर तो अलगद टाकायचा. खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ असतो. त्या जाळाने मायच्या हातांवर कधी लव राहिली नाही. एका लग्नात ठरलेली बाई ऐनवेळी आली नाही आणि मायला बोलावणं आलं. त्या दिवसापासून ती मांडेवाली अक्का झाली. हळूहळू चार बायांची टोळी जमली. शेजारची जिजी कणीक मळायची, एक पुरण वाटायची, एक जाळ सांभाळायची आणि माय हातावर मांडे फिरवायची.

या मांड्यांवर मी धुळ्याला कॉलेजात गेले. बाप मी बारावीला असताना गेला, त्याने ते पाहिलं नाही. आमच्या सबंध भावकीत कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. हे मी आडपडदा न ठेवता सांगते, कारण ते आमच्या घरात आपोआप झालेलं नाही.

आता मुद्द्याचं.

माझी माय अबोल बाई होती. बाजारातून आली की मान खाली घालून तरातरा घर गाठायची. ओट्यावर बसून गप्पा मारणाऱ्या बायांबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं. "त्यास्ना घरमा काम नसस," म्हणायची, त्यांच्या घरात काम नसतं. आणि मग मी नोकरीला लागल्यानंतर काही वर्षांनी माय बोलकी झाली.

मी सुटीत गावी जायचे तेव्हा फाट्यावर ती घ्यायला यायची. परत जाताना ती आधी पिठाच्या गिरणीपाशी थांबायची. गिरणीवाल्या आबांची सून कशी आहे, म्हैस व्यायली का, विचारायची. मग शिंप्याच्या ओट्यावर टेकायची. मग मारुतीच्या पारावर. गावाला याचं कौतुक. जिजी मला म्हणाली, "तुन्ही मायले आते मानसे आवडाले लागनात. पोरनी नोकरी लागनी ना, सुख बोली ऱ्हायनं." पोरीला नोकरी लागली म्हणून सुख बोलतंय, असं जिजीचं मत. मलाही बरं वाटलं. म्हातारपणी माणूस जरा सैलावतं, तसं असेल.

पण मला सवय आहे पाहायची. गिरणीपाशी माय प्रश्न विचारायची आणि उत्तर ऐकताना तोंड उघडं ठेवायची. प्रश्न छोटे असायचे, समोरच्याला लांब बोलावं लागेल असे. आबा बोलत राहायचे आणि मायचे खांदे वर-खाली होत राहायचे. मग खांदे थांबले की आबांचं वाक्य अर्धं असलं तरी ती म्हणायची, "बरं, निंघस मी." आणि चालायला लागायची. ती बोलायला थांबत नव्हती. ती थांबण्यासाठी बोलत होती.

"माय, तुला दम लागतो?"

"धुर शे तो. इतला वरीस जायपुढे बसनू, धुर लागनारच." इतकी वर्षं जाळापुढे बसल्यावर लागणारच, असं.

आमच्या घरात हे उत्तर सगळ्यांना पटण्यासारखं होतं. बापाच्या छातीत कापूस होता, मायच्या छातीत धूर. मांडे करणारी कुठलीही बाई घ्या, ती खोकतेच. टोळीतल्या चौघीही खोकायच्या. त्यामुळे दम लागणं हा आमच्याकडे आजार नव्हताच, तो धंद्याचा भाग होता. शिंप्याला चष्मा लागतो, हमालाचा खांदा उतरतो, तसा.

मी शाळेत मुलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. कारण कळत नसेल तर एकच गोष्ट बदला, बाकीचं तसंच ठेवा, आणि काय होतं ते बघा. मी धूर बदलला. पगारातून मोठी गॅसची भट्टी आणली, खापर नीट बसावं म्हणून वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी कडं करून घेतलं. मायने नाक मुरडलं. पऱ्हाट्यांशिवाय मांड्याला वास येत नाही, म्हणाली. जिजी म्हणाली, "आते आपले पदरनी नाक पुसानं काम नही." हंगाम गेला. जिजीचा खोकला थांबला. जाळ सांभाळणारीचा थांबला. मायचाही खोकला कमी झाला. दम मात्र वाढला.

पुढच्या सुटीत मी पाहिलं, माय आता दोन गोधड्यांची घडी डोक्याखाली घेऊन जवळजवळ बसूनच झोपते. सपाट झोपलं की गुदमरतं म्हणाली. आणि टोळीतही बदल झाला होता. मळायचं काम तर आधीपासून जिजीकडेच होतं, आता पाट मांडणं, घागर उचलणं, खापर चढवणं, सगळं बाकीच्या तिघी करत होत्या. मायने कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी मायला विचारलं नव्हतं. एकेक काम तिच्या हातून निसटलं आणि दुसऱ्या कुणी उचललं. मांडे पहिल्यासारखेच होत होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी तिला जळगावला नेलं. तपासणीला म्हटलं असतं तर आली नसती. माझं घर बघायला चल म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ज्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता?"

माय म्हणाली, नाही. मग आठवून म्हणाली, एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गुडघे सुजले होते खरे. बठ्ठ्या, सगळ्या पोरी झोक्यावर गेल्या आणि तिला तिच्या वडिलांनी खांद्यावर बसवून नुसतं झोके दाखवायला नेलं होतं. ताप उतरला, गुडघे बरे झाले, गोष्ट संपली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोष्ट संपली नव्हती. त्या तापाने जाता जाता हृदयाची एक झडप खराब केली. ती झडप वर्षानुवर्षं जाड होत गेली, आखडत गेली. आता ती धड उघडत नाही आणि धड मिटतही नाही.

मशीनवर त्यांनी आम्हाला ते दाखवलं. काळ्या पडद्यावर करड्या रंगाची झडप अर्धवट हलत होती, जुन्या दारासारखी. फुफ्फुसातून आलेलं रक्त वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जायचं, ते या अरुंद फटीतून. वरच्या कप्प्याने मग काय केलं, तर स्वतःला ताणलं. जास्त रक्त साठवायचं, जास्त जोराने ढकलायचं. खाली गेलेलं थोडं रक्त झडपेतून पुन्हा वर गळायचं, म्हणून खालचा कप्पाही वाढला. दर ठोक्याला थोडं जास्त घ्यायचं आणि थोडं जास्त फेकायचं, म्हणजे गळती वजा जाऊनही शरीराला हवं तेवढं मिळेल.

"तुमचं हृदय मोठं झालंय, अक्का."

"हाई नवं ऐकी ऱ्हायनू," माय म्हणाली. "गाव तं म्हणस, बाई कंजूस शे."

डॉक्टरीणबाई हसल्या. नंतर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे हृदय फार हुशारीने भागवून घेतंय. पण भागवण्यालाही शेवट असतो. वरचा कप्पा ताणून ताणून सैल पडला की ठोक्यांची लय बिघडते. रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. यांना सपाट झोपता येत नाही ते त्यामुळे. झडप बदलायला हवी, आणि लवकर."

ऑपरेशनच्या आधी, वय आणि तपासणीत निघालेली रक्तातली साखर यांमुळे, हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करायची होती. मनगटातून बारीक नळी घालून औषध सोडतात आणि पडद्यावर रक्तवाहिन्या काळ्या रेघांसारख्या दिसतात. मला बाहेरच्या खोलीतून काचेतून बघू दिलं. डाव्या बाजूच्या वाहिन्या फांद्यांसारख्या पसरल्या. उजवी मोठी वाहिनी थोडी पुढे गेली आणि तुटल्यासारखी संपली. पुढे काहीच नाही. आणि मग बघता बघता, डाव्या बाजूकडून केसासारख्या वाकड्यातिकड्या बारीक रेघा निघाल्या, पलीकडे गेल्या, आणि त्या बंद वाहिनीचं टोक मागून भरायला लागलं. उलट्या दिशेने.

तपासणी करणारे डॉक्टर म्हणाले, "ही वाहिनी पूर्ण बंद आहे. बहुधा काही वर्षांपासून."

"मग झटका कसा आला नाही?"

"एका दिवसात बंद झाली असती तर आला असता. ही हळूहळू अरुंद होत गेली. तेवढ्या वेळात शेजारच्या बारीक वाहिन्या रुंद झाल्या आणि त्यांनी तिचा भाग सांभाळला. या वाटा सगळ्यांच्या हृदयात तेवढ्या चांगल्या तयार होत नाहीत. तुमच्या आईच्या झाल्या."

मला आमचा हायवे आठवला. रुंदीकरणात नाल्यावरचा पूल बंद होता तेव्हा ट्रॅक्टर, मोटारसायकली, बैलगाड्या, सगळे नाल्यातून, शेताच्या बांधावरून जायचे. गाव अडलं नाही. पण त्या वाटेवरून कांद्याचा भरलेला ट्रक गेला तर तो रुतायचाच. बारीक वाटांना एवढंच जमतं. बसलेल्या माणसाला त्या पुरतात. चढ चढणाऱ्याला नाही.

गावी परत आल्यावर मी हे सगळं मायला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चाली ऱ्हायनं ना?"

हे तिचं पहिलं म्हणणं. जे चालतंय त्यात हात का घालायचा. आणि दुसरं त्याहून अवघड होतं. आखाजी आणि लग्नसराई तोंडावर आली होती. आमच्याकडे लग्नघरची माणसं मांड्याचं सांगायला येतात तेव्हा नारळ देतात. नारळ घेतला की शब्द दिला. मायच्या देवळीत नारळ ओळीने मांडलेले होते. नारळ परत करणं म्हणजे त्या लग्नाला अपशकुन, असं आमच्याकडे मानतात. मायने आजवर एकही परत केला नव्हता. बाप गेला त्या वर्षीसुद्धा नाही.

"लगीन व्हई जाऊ देत. मंग तुन्हा त्या डॉक्टरकडे येसू मी."

मी तिला रागावले. समजावलं. पाटीवर आकृती काढून दाखवली, वर्गात काढते तशी, रंगीत खडूने. तिने आकृती चांगली आली म्हणून सांगितलं आणि मेथी निवडायला बसली.

शेवटी ते जिजीने केलं. मी जिजीच्या घरी जाऊन तिला तीच आकृती समजावली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, ओट्यावर बसली आणि मायकडे बघून सरळ म्हणाली, "मन्हा हात मोडना तवय तू काय म्हने?"

एका हंगामात जिजीचा हात मोडला होता. मायने मेथीची जुडी पुढे ओढली.

"मी सांगस. आठ दिवस बाकीन्या बायास्नी कणीक मळी. मी सांगं, चाली ऱ्हायनं ना, मी नंतर दवाखानामा जासू. तू म्हने, चाली ऱ्हायनं कारण त्या मरी ऱ्हायन्यात. त्यास्ना हात जातीन, मंग बठ्ठंच बंद पडी. पहिले हात नीट कर." म्हणजे मायचीच वाक्यं ती मायला ऐकवत होती. "आते तुन्हा कायीजमा तेच चाली ऱ्हायनं. एक बाई बसेल शे आणि बाकीन्या मरी ऱ्हायन्यात."

"तू कोन्ही बाजू शे?" माय म्हणाली.

"तुन्हा कायीजनी," जिजी म्हणाली. काळजाला आमच्याकडे कायीज म्हणतात. "त्यानी बाजू लेनारं घरमा कोनी दिसत नही."

मायने मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, "आणि नारळ?"

"नारळ परत कराना नसस. दुसरीना वटीमा टाकता येस. टाक मन्हा वटीमा."

घेतलेला नारळ असा दुसरीच्या ओटीत आधी कुणी घातला होता का, मला माहीत नाही. मला वाटतं जिजीने ते तिथल्या तिथे ठरवलं. माय उठली. देवळीतला एकेक नारळ घेऊन हळदकुंकू लावून तिने जिजीच्या पदरात घातला. प्रत्येक नारळासोबत घराचं नाव आणि त्या घरी पुरण किती गोड लागतं ते सांगितलं. शेवटचा देताना म्हणाली, "मांडा कोपरनापुढे जाऊ देऊ नको, तुन्हा हात आखूड शे."

"माले माहीत शे मन्हा हात."

त्या हंगामात जिजीने मांडे केले. मायच्या मांड्यांपेक्षा थोडे लहान झाले, पण एकही लग्न अडलं नाही.

ऑपरेशन जळगावलाच झालं. जुनी झडप काढून धातूची नवी बसवली आणि पायातली एक शीर काढून बंद वाहिनीच्या पलीकडे जोडली. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, जिजी शेजारी. जिजीने डब्यात भाकरी आणली होती आणि मला खायला लावत होती. मी तिला विचारलं, जुन्या बारीक वाटांचं आता काय होईल. ती म्हणाली, "आराम करतीन. भू काम करं त्यास्नी." खूप काम केलं त्यांनी. डॉक्टरांनाही मी नंतर हाच प्रश्न विचारला. त्यांचं उत्तर लांब होतं, पण मुद्दा फारसा वेगळा नव्हता.

बरं व्हायला वेळ लागला. छातीचं हाड जुळेपर्यंत काही उचलायचं नाही, हात ताणायचे नाहीत. मायला तेवढंच अवघड गेलं. हात नुसते मांडीवर ठेवायचे तिला कधी कळलंच नव्हतं. रक्त पातळ राहण्याची गोळी रोज, ठरलेल्या वेळी, आणि मधूनमधून रक्ताची तपासणी. ती गोळी मी चुकू दिली नाही आणि आता तीही चुकवत नाही. खोली शांत असली की झडपेची बारीक टिकटिक ऐकू येते. शेजारच्या बाया मुद्दाम ऐकायला यायच्या. माय म्हणायची, "मी घड्याय गियेल शे. टाइम इचारा." घड्याळ गिळलंय म्हणे तिने.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी पडदा पुन्हा दाखवला. वरचा कप्पा पूर्वीइतका लहान झाला नव्हता, होणारही नाही म्हणाल्या, पण बराच ओसरला होता. झडप टपाटप उघडत-मिटत होती. मी ते बघत उभी राहिले. वर्गात हृदयाचा धडा मी आजही शिकवते आणि चार कप्पे, चार झडपा सांगून झालं की पुस्तकात नसलेली एक गोष्ट सांगते. हृदय आजारी पडलं की लगेच ओरडत नाही. आधी ते भागवून घेतं. म्हणून तुमच्या घरातलं कुणी माणूस वाटेत नव्यानेच थांबायला लागलं, डोक्याखालची घडी वाढवायला लागलं, तर त्याला वय झालं असं म्हणू नका. घेऊन जा.

पुढच्या आखाजीला मी गावी गेले. माय फाट्यावर आली होती. माझ्या हातातली एक पिशवी तिने घेतली, मी नको म्हटलं तरी. गिरणीवाल्या आबांनी आतून हाक मारली, "अक्का, रागावनी का? आते थांबस नही तू."

"काम शे माले," माय म्हणाली आणि पुढे निघाली.

शिंप्याचा ओटा गेला. मारुतीचा पार गेला. घरी तिघी बाया कणीक मळून बसल्या होत्या, मायच्या हातावरच्या पहिल्या मांड्यासाठी.

माय आता एका उशीवर झोपते. फाट्यापासून घरापर्यंत ती न थांबता चालते.